नाकाला वर्षभर वेळ द्या

मागच्या वेळी आपण गटाच्या दप्तराबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून काही जणी नाक मुरडतील, पण विषय नाकाचाच आहे.

जुलैच्या मासिक बैठकीत आमच्या एका गटातल्या ताईंनी साठ हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर खालमानेनं म्हणाल्या, "लेकीच्या नाकाचं ऑपरेशन परत करायचंय." आधी सगळ्या गप्प, मग कुजबुज. देवानं दिलेलं नाक काय वाईट होतं? हौसेला गटाचा पैसा कशाला? ताईंच्या डोळ्यात पाणी आलं. आम्ही त्या दिवशी निर्णय न घेता बैठक उठवली. पुढचं सगळं त्या मायलेकींना विचारून, नाव न घेता सांगतोय.

मुलगी चोवीस वर्षांची, शहरात कंपनीत कामाला. लहानपणी सायकलवरून पडून नाकाला उंचवटा आला होता. त्यावरून शाळेत तिला काय काय म्हणायचे, ते इथे सांगत नाही. स्वतःच्या पगारातून पैसे साठवून तिनं नोव्हेंबरात ऑपरेशन करून घेतलं. आठ महिने झाले. उंचवटा गेला, पण शेंडा जाड दिसतो, जरा डावीकडे वळल्यासारखा वाटतो. सकाळी वेगळा, संध्याकाळी वेगळा. डिसेंबरात लग्न ठरलंय, म्हणून दिवाळीआधी दुसरं ऑपरेशन करायची घाई.

आम्हाला यातलं काही कळत नव्हतं. म्हणून तालुक्याच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना भेटलो, नंतर शहरातल्या प्लास्टिक सर्जनलाही भेटलो. त्यांनी जे समजावलं ते आमच्या भाषेत असं.

आत्ता ऐकता ऐकता स्वतःच्या नाकाला हात लावा. वरचा भाग कडक लागतो, ते हाड. खाली शेंड्याकडे दाबलं तर वाकतं, ती कूर्चा. आपल्या कानाच्या पाळीच्या वरचा भाग वाकतो ना, तीच जात. ऑपरेशनमध्ये कातडी वर उचलून आतलं हाड आणि कूर्चा कापतात, घासतात, जागा बदलतात आणि कातडी परत वर बसवतात. म्हणजे ब्लाउज उसवून आतलं अस्तर लहान केलं, पण वरचं कापड तेच ठेवलं, असं समजा. कापड लगेच अंगासरशी बसत नाही. नाकाची कातडी तर जिवंत असते. ती आधी सुजते, मग हळूहळू आकसून आतल्या नव्या सांगाड्यावर बसते.

नाकावरची पट्टी साधारण आठवड्यानं निघते. डोळ्याखालचं काळंनिळं दोन आठवड्यांत बरंचसं जातं. बरीच सूज पहिल्या दोन-तीन महिन्यांत उतरते, म्हणून लोकांना वाटतं की झालं. पण शेंड्याची सूज सगळ्यात शेवटी उतरते. तिला वर्ष लागतं आणि कातडी जाड असेल तर त्याहून जास्त. आपल्याकडे पुष्कळ जणींची कातडी जाडच असते. दोन्ही बाजूंची सूज सारख्या वेगानं उतरत नाही, म्हणून मधले काही महिने नाक वाकडं दिसू शकतं. रात्रभर आडवं झोपल्यानं सकाळी सूज जास्त दिसते, दिवसा उतरते. लेकीचं सकाळ-संध्याकाळचं कोडं इथेच सुटलं.

अर्थात प्रत्येक वाकडेपणा सूज नसतो. कधी आत जखमेची गाठ धरते, कधी कूर्चा सरकते, कधी जास्त कापली गेल्यानं नाक मध्येच खचतं. शंभरात साधारण पाच ते पंधरा जणींना पुन्हा ऑपरेशन करावं लागतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे परत करायची वेळ आली तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ते निदान वर्षभरानंतर. सुजलेल्या नाकावर दुसऱ्यांदा सुरी चालवणं म्हणजे ओल्या भिंतीवर रंग देणं. सूज उतरली की जे आपोआप नीट झालं असतं, तेच बिघडायचं.

दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आत जखमा भरून कातडी चिकटलेली असते. टेकू द्यायला लागणारी कूर्चा सहसा नाकाच्या मधल्या पडद्यातून घेतात. ती पहिल्या वेळी वापरून संपली असेल, तर कानातून किंवा बरगडीतून घ्यावी लागते. वेळ वाढतो, खर्च वाढतो. आणि निव्वळ दिसण्यासाठीच्या ऑपरेशनचा खर्च विम्यात सहसा बसत नाही.

आता एक गोष्ट नीट ऐका. थांबा म्हणजे सगळ्यालाच थांबा, असं नाही. ऑपरेशननंतर रक्त थांबत नसेल, ताप आला, पू आला, किंवा पहिल्या दिवसांत दुखणं वाढत जाऊन दोन्ही नाकपुड्या गच्च बंद झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मधल्या पडद्यात रक्त साठलं आणि ते वेळेत काढलं नाही तर कूर्चा मरते, नाक बसतं. पुढे कधीही श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला, किंवा एक नाकपुडी चालत नसेल, तर तेही दाखवा.

हे ऐकल्यावर लेक फोनवर जरा थांबली आणि म्हणाली, "मावशी, उजव्या बाजूनं मला नीट श्वासच येत नाही. रात्री तोंड उघडं ठेवून झोपते." आठ महिने तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. हौसेनं केलंस ना, मग भोग आता, असं ऐकावं लागेल याची भीती. आमच्या बैठकीतली कुजबुज आठवून आम्हालाच वाईट वाटलं.

आम्ही तिला पहिल्या दवाखान्यातून सगळे कागद घ्यायला लावले. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनमध्ये नेमकं काय केलं त्याची नोंद, आधीचे फोटो. दवाखान्यानं आधी टाळाटाळ केली. पण 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार रुग्णानं मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. लेखी अर्ज दिला, पोच घेतली, कागद मिळाले. कोणतीही ताई, कोणतंही ऑपरेशन असो, हे लक्षात ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांना आधी काय कापलंय हे कळल्याशिवाय पुढचा सल्ला देता येत नाही. तो डॉक्टर प्लास्टिक सर्जरीचा किंवा नाक-कान-घशाचा शिकलेला आणि मेडिकल कौन्सिलकडे नोंदवलेला आहे का, हेही विचारा. विचारायला लाजू नका.

कुणीतरी लेकीला पार्लरमध्ये इंजेक्शन घेऊन खळगा भरायचा सल्ला दिला होता. ते मात्र अजिबात नको. नाकाजवळच्या रक्तवाहिनीत ते औषध गेलं तर कातडी काळी पडून मरू शकते, डोळासुद्धा जाऊ शकतो.

घरच्यांनी काय सांभाळायचं? पहिले तीन-चार आठवडे डोक्यावर हंडा नाही, वाकून धुणं नाही, चुलीच्या धुरापुढे बसणं नाही. चष्म्याचा भार डॉक्टर सांगतील तोवर नाकावर नको. नथीचंही तसंच, विशेषतः नवं टोचणं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, ते इथे अक्षरशः खरं. आणि मिश्री! मिश्री म्हणजे तंबाखूच. तिच्यातल्या निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जखम भरायला उशीर होतो. लेकीनं सांगितलं, आजीचं बघून तीही लावायची.

नाक नीट करण्याची विद्या काही परदेशातून आलेली नाही, बरं का. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा पकडला गेला. त्याचं नाक आणि एक हात कापला. पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक दिलं. ती हकिकत 1794 मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली आणि मग तिकडचे डॉक्टर ही पद्धत शिकले. त्या कावसजीनंही नाकाविना साधारण वर्ष काढलं होतं. हे ऐकून आमची लेक आठ महिन्यांत पहिल्यांदा हसली.

एखादी मुलगी दिवसभर आरशापुढेच असेल, घराबाहेर पडत नसेल, एका ऑपरेशननंतर दुसरं, तिसरं मागत असेल, तर तिचं दुखणं नाकाचं नसून मनाचं असू शकतं. तिला रागावू नका. 14416 हा सरकारचा टेली-मानसचा मोफत नंबर आहे.

आमच्या लेकीचं तसं नव्हतं. शहरातल्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं तपासलं. मधला पडदा उजवीकडे वाकलेला निघाला, म्हणून श्वास अडत होता. शेंड्याला मात्र अजून सूज आहे, नोव्हेंबरपर्यंत हात लावायचा नाही, मग पुन्हा बघू, पडदा आणि शेंडा एकाच वेळी करता येईल, असं ते म्हणाले. तोवर नाक धुण्याचं औषध दिलं. लग्न याच नाकानं होणार. नवऱ्या मुलाला तिनं स्वतः सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला तर काही वाकडं दिसत नाही."

ऑगस्टच्या बैठकीत विषय पुन्हा आला. साठ हजार मंजूर झाले नाहीत. तपासणी, औषध आणि एसटीचं भाडं मिळून तीन हजार अंतर्गत कर्ज दिलं, सहा हप्त्यांत फेडायचं. मोठ्या कर्जाचा अर्ज जानेवारीच्या बैठकीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवायचा, असा ठराव लिहिला. ठरावाला अनुमोदन दिलं ते जुलैत सगळ्यात मोठ्यानं कुजबुजणाऱ्या मावशींनी.