एसी उष्णता नेतो कुठे?

परभणीत मे महिन्याच्या दुपारी पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हिवाळ्यातल्या काही पहाटे १० अंशांखाली उतरतो. घराला गारवाही हवा, ऊबही हवी. दोन्ही कामं एकच यंत्र करू शकतं, ते म्हणजे उष्णता-पंप. घरातला एसी हा त्याचाच प्रकार.

एसी थंडी बनवत नाही. खोलीतली उष्णता उचलून तो बाहेर टाकतो. आतल्या नळ्यांत आर-३२ सारखा शीतक द्रव उकळतो आणि वायू होताना उष्णता शोषतो. मग कॉम्प्रेसर या वायूला दाबून इतका तापवतो, की बाहेरच्या रणरणत्या हवेलाही तो उष्णता देऊ शकतो. ‘हॉट अँड कोल्ड’ एसीत एक झडप हा प्रवाह उलटा फिरवते, की खोली उबदार! वीज लागते ती फक्त या वाहतुकीला. म्हणून एका युनिटमध्ये तीन-चार युनिट उष्णता हलते. साधा हीटर एका युनिटमध्ये एकच देतो.

विहिरीचं पाणी जितकं खोल, तितकी मोटर दमते. एसीचंही तसंच; त्याच्यासाठी हा खोलपणा म्हणजे आतल्या-बाहेरच्या तापमानातलं अंतर.

१८ अंशांवर लावलेला एसी म्हणूनच वीज खातो. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या मते एक अंश वाढवला, की सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून नव्या एसीचं मूळ सेटिंग २४ अंश आहे.

बाहेरचं युनिट तापलेल्या पत्र्यावर, कोंदट कोपऱ्यात बसवणं मात्र सर्रास चालतं आणि तिथे हे अंतर आणखी वाढतं. त्याला सावली, मोकळा वारा आणि धूळ झाडलेली जाळी हवी.