डॉक्टरांचे आचरण आणि त्यांचा आरोग्यविषयक सल्ला

लोकांना ब्रह्मज्ञान सांगून स्वतः कोरड्या राहणाऱ्या पाषाणाची म्हण मराठीत सर्वतोमुखी आहे. सिगारेट ओढणारा डॉक्टर रोग्यास धूम्रपान सोडण्याचा उपदेश करू लागला म्हणजे ती हटकून आठवते. परंतु आचरण कसेही असले तरी ब्रह्मज्ञान सांगितले जातेच, हे त्या म्हणीत गृहीत धरलेले आहे. आणि अलीकडच्या संशोधनाने शंका घेतली आहे ती नेमकी ह्या गृहीताविषयी. स्वतःच्या सवयी सदोष असलेला डॉक्टर पुष्कळदा खोटा उपदेश करीत नाही. तो विषयच काढीत नाही.

सारा ब्लाइश व त्यांचे सहकारी ह्यांनी अमेरिकेतील ५०० प्राथमिक उपचारक डॉक्टरांची पाहणी करून २०१२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्थूल रोग्यांशी वजन घटविण्याविषयी बोलणाऱ्यांचे प्रमाण बेताच्या वजनाच्या डॉक्टरांत शेकडा ३०, तर अधिक वजनाच्या डॉक्टरांत शेकडा १८ आढळले. वजन घटविणारी औषधे लिहून देण्याबाबत मात्र हे दुसरे डॉक्टरच अधिक निःशंक होते! ह्याहून उद्बोधक गोष्ट अशी की, स्थूल रोगी आपल्याइतका किंवा आपल्याहून वजनदार वाटला तर त्याच्या स्थूलतेची नोंद होण्याची संभाव्यता शेकडा ९३ भरली; एरवी ती अवघी ७ होती. स्थूलतेचा निकष उंची व वजन ह्यांवरून आकड्यांत ठरलेला आहे. तपासणीच्या खोलीत मात्र डॉक्टरचे स्वतःचे शरीरच मापदंड होऊन बसते, असे ह्यावरून दिसते.

अर्थात् ही माहिती डॉक्टरांनी स्वतःच दिलेली आहे, आणि ती एकाच वेळी गोळा केलेली आहे. तेव्हा सवयीमुळे सल्ला घडतो, की प्रतिबंधक वैद्यकाविषयीची मूळची आस्था सवय आणि सल्ला ह्या दोहोंना वळण देते, ह्याचा निवाडा अशा पाहणीतून होऊ शकत नाही. संशोधकाने येथे घाई करू नये.

ऐकणाऱ्याच्या बाजूने ह्या प्रश्नाचा विचार एरिका फ्रँक व त्यांचे सहकारी ह्यांनी केला. अटलांटा येथील एमरी विद्यापीठाच्या चिकित्सालयात बसलेल्या रोग्यांना त्यांनी आहार व व्यायाम ह्यांविषयीच्या दोन चित्रफितींपैकी एक दाखविली. एकीत डॉक्टरबाई अर्धा मिनिट अधिक बोलून स्वतःची दिनचर्या सांगत, आणि त्यांच्या मेजावर एक सफरचंद व सायकलस्वाराचे शिरस्त्राण ठेवलेले दिसे. दुसरीत हे काहीच नव्हते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे पहिल्या फितीतील डॉक्टरबाई प्रेक्षकांना अधिक विश्वासार्ह व प्रेरक वाटल्या. मात्र येथे मोजले गेले ते मत. घरी परतल्यावर कोणाचा आहार सुधारला, हे त्यावरून कळत नाही.

सवय आणि ज्ञान ह्यांचा झगडा डॉक्टरांच्या स्वतःच्याच आयुष्यात कसा उलगडतो, हे पाहावयाचे तर ब्रिटनकडे वळले पाहिजे. १९५१ साली रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल ह्यांनी तेथील डॉक्टरांनाच धूम्रपानाविषयी प्रश्नावली पाठविली. उत्तर देणाऱ्या पुरुष डॉक्टरांपैकी ३४,४३९ जणांचा मागोवा पुढे अर्धशतक घेतला गेला. त्यांतील बहुसंख्यांनी आयुष्यात केव्हा ना केव्हा धूम्रपान केलेले होते. स्वतः डॉल ह्यांनी आधीच्या रुग्णालयीन पाहणीचे आकडे हाती येऊ लागताच सिगारेट सोडली होती. १९५४ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या अहवालांत मोजलेले मृत्यू डॉक्टरांच्याच सहव्यवसायिकांचे होते. तेथील डॉक्टरवर्गात धूम्रपान सामान्य जनतेच्या पुष्कळ आधी ओसरू लागले. २००४ च्या अहवालात आजन्म धूम्रपान करणाऱ्यांचे आयुष्य सुमारे १० वर्षांनी घटल्याचे दिसले. तिसाव्या वर्षी ते सोडणाऱ्यांनी ही हानी जवळजवळ संपूर्ण टाळली होती, आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनाही सुमारे ३ वर्षांचा लाभ झाला होता.