समुद्रतळाशीं पोहोंचलेली चांद्याची माती

नदी समुद्राला मिळाली म्हणजे तिची कहाणी संपली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गोडें पाणी खाऱ्यांत मिसळून गेलें कीं त्याचा माग काढणें दुष्कर होतें, हें खरें. परंतु नदी पाण्याबरोबर मातीहि नेते, आणि मातीची गोष्ट निराळी आहे. समुद्राच्या तळाशीं स्थिरावलेला गाळ आपल्या जन्मभूमीच्या खुणा हजारों वर्षें अंगावर बाळगतो. या रासायनिक खुणा वाचण्याचें शास्त्र गेल्या कांहीं दशकांत पुष्कळ पुढें गेलें असून, त्याचें एक उत्तम उदाहरण चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांतून वाहणाऱ्या नद्यांनींच पुरविलें आहे.

१९८२ सालच्या ऑगस्टमध्यें गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. तोंपर्यंत हा सारा मुलूख एकाच, म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्यांत मोडत असे. त्याच्या पश्चिमेकडून वर्धा व मध्यभागांतून वैनगंगा वाहते. चपराळ्याच्या अरण्याजवळ या दोघी एकत्र येतात व पुढें प्राणहिता हें नांव धारण करतात. प्राणहिता सुमारें ११३ किलोमीटर वाहून सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. आणखी खालीं, सोमनूर येथें, बस्तरच्या सीमेवरून आलेली इंद्रावती गोदावरीच्या पात्रांत उतरते. त्र्यंबकेश्वराहून निघालेली गोदावरी महाराष्ट्राचा अखेरचा निरोप घेते, ती या अरण्यनद्यांचा गाळ बरोबर घेऊनच. पुढें राजमहेंद्रीच्या खालीं तिचे फांटे होतात आणि एकूण १४६५ किलोमीटरांचा प्रवास संपवून ती बंगालच्या उपसागरांत शिरते.

या खोऱ्यांत खडकांच्या दोन अगदीं भिन्न जाती आहेत. गोदावरीचा वरचा भाग व वर्धेचें बरेंचसें खोरें काळ्या बसाल्टावर पसरलें आहे. हा खडक सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा बनलेला आहे. उलट वैनगंगेच्या खालच्या भागांत व इंद्रावतीच्या खोऱ्यांत ग्रॅनाइट व नाइस जातीचे, अब्जावधि वर्षांचे जुने खडक विपुल आहेत. चंद्रपूरच्या आसपास यांच्या जोडीला दगडी कोळसा पोटांत बाळगणारे वालुकाश्म आहेत. वर्धेची माती आणि वैनगंगेची माती चपराळ्याला एकत्र आली, तरी आपापली कुळी ती विसरत नाहीं.

ही कुळी ओळखण्याचें एक साधन म्हणजे निओडिमियम नांवाचें मूलद्रव्य. खडकांत तें अत्यल्प असतें. त्याचा एक प्रकार समेरियम या दुसऱ्या मूलद्रव्याच्या क्षयांतून अतिशय मंद गतीनें निर्माण होत असतो. त्यामुळें खडक किती जुना व तो भूगर्भांत कसा घडला, यावर त्या प्रकाराचें प्रमाण ठरतें. शास्त्रज्ञांनीं त्यासाठीं जें माप ठरविलें आहे, त्यावर दख्खनच्या बसाल्टाचा आंकडा शून्याच्या आसपास येतो, तर जुन्या नाइसांचा उणे ३५ च्या जवळपास. खडकाचें पीठ होवो कीं तें शेंकडों कोस वाहून जावो, हा आंकडा जवळजवळ तसाच राहतो. म्हणून समुद्रांतील चिमूटभर गाळाचा आंकडा या दोन टोकांच्या मध्यें कोठें पडतो, तें पाहिलें म्हणजे त्यांत काळ्या मुलखाची माती किती व पूर्वेकडील जुन्या खडकांची किती, याचा अंदाज बांधतां येतो. गवळ्यानें कांहीं न सांगतांहि दुधांतील पाण्याचें प्रमाण यंत्रानें कळावें, तसाच हा प्रकार आहे.

खनिजांवरून माती कोठली तें कळतें. त्या मातीवर काय उगवत होतें, हें मात्र वनस्पतींच्या अवशेषांनीं सांगावयाचें. प्रत्येक पानावर मेणाचा एक सूक्ष्म थर असतो. पान कुजून जातें, परंतु हें मेण चिवट असल्यामुळें मातीच्या कणांना चिकटून समुद्रापर्यंत जातें. त्यांतील कर्बाचे दोन स्थिर प्रकार आहेत: एक हलका व एक किंचित् जड. झाडें, बांबू आणि भात जड कर्ब बराचसा टाळतात. ज्वारी, बाजरी व उष्ण प्रदेशांतील बहुतेक गवतें तो कमी टाळतात. ठराविक मापाशीं तुलना केली असतां पहिल्या गटांत जड कर्बाची तूट दर हजारीं सुमारें २७, तर दुसऱ्यांत १२ ते १३ इतकीच भरते. मेणांत ही तूट दोन्ही गटांची थोडी अधिक असते, पण त्यांच्यांतील अंतर कायम राहतें. सागवानाचें रान कोठें होतें आणि उन्हानें वाळणारें गवताळ माळरान कोठें होतें, याची साक्ष अशा रीतीनें मिळते.

परंतु एका साक्षीदारावर विसंबून निकाल देणारा न्यायाधीश चुकण्याचा संभव असतो. वैनगंगेच्या कांठीं भाताचीं खाचरें आहेत, आणि भात व साग कर्बाच्या बाबतींत एकाच गटांत पडतात. निव्वळ कर्बावरून पाहिलें, तर रान तोडून भात लावला काय किंवा रान तसेंच राखलें काय, दोन्ही सारखेंच दिसेल. तेथें लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारें द्रव्य, उपयोगी पडतें. कारण त्याचें विघटन केलें असतां लाकूड एक प्रकारचीं घटकद्रव्यें देतें आणि पानें व गवत दुसऱ्या प्रकारचीं. तसाच घोंटाळा वयाबाबत होतो. किरणोत्सर्गी कर्बावरून अवशेषांचें वय काढतात. परंतु दगडी कोळशांत हा कर्ब मुळींच उरलेला नसतो. चंद्रपूरच्या पट्ट्यांतील कोळशाचे कण गाळांत मिसळले, तर सारा गाळ वाजवीपेक्षां जुना भासेल. म्हणून पांच-सहा खुणा एकमेकींशीं ताडून पाहिल्याखेरीज शहाणा संशोधक निष्कर्ष काढीत नाहीं.

आतां प्रत्यक्ष उदाहरण. २००६ सालीं भारताच्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट मोहिमेसाठीं ‘जॉयडिस रिझोल्यूशन’ हें वेधन-जहाज बंगालच्या उपसागरांत आलें होतें. समुद्रतळाखालीं बर्फरूपानें सांठलेला ज्वलनशील वायु शोधणें, हा त्या मोहिमेचा हेतु. गोदावरीच्या मुखासमोर, सुमारें १२७० मीटर खोल पाण्याखालून, त्या जहाजानें गाळाचा जो लांब दंड उपसून काढला, त्याच्या वरच्या साडेआठ मीटरांतच गेल्या दहा-अकरा हजार वर्षांचा इतिहास थरांथरांनीं रचलेला निघाला. कॅमिलो पॉन्टन, लिव्यू जोसान व त्यांचे सहकारी यांनीं या दंडाचा अभ्यास २०१२ व २०१७ सालीं प्रसिद्ध केला.

पानांच्या मेणावरून असें दिसलें कीं, सुमारें ४००० वर्षांपूर्वींपासून मध्य भारतांत कोरड्या हवेंत तगणाऱ्या वनस्पती हळूहळू वाढत गेल्या आणि सुमारें १७०० वर्षांपूर्वींपासून त्या कायमच्याच टिकून राहिल्या. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सरोवराच्या गाळानेंहि, स्वतंत्रपणें, सुमारें ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वींच्या काळांत पाऊस ओसरल्याची साक्ष दिली आहे. येथवर नवल कांहीं नाहीं. नवल पुढें आहे. पाऊस कमी झाला म्हणजे नदी अशक्त होईल आणि गाळहि कमी नेईल, असें कोणीहि म्हणेल. दंडानें दाखविलें तें याच्या नेमकें उलट. पावसाळे ओसरल्यावर समुद्रांत पडणारा गाळ वाढला. इतकेंच नव्हे, तर त्याबरोबर जाणारा वनस्पतिजन्य कर्बहि अधिकाधिक जुना होत गेला.

याचें कारण समजण्यास अवघड नाहीं. मातीला धरून ठेवतें तें झाडोऱ्याचें आवरण. दाट रानांत पावसाचा थेंब आधीं पानावर, मग पाचोळ्यावर पडतो, आणि मुळांच्या जाळ्यांतून सावकाश झिरपतो. आवरण विरळ झालें कीं पाऊस एकूण थोडा पडला तरी चालतो. मोसमी वाऱ्यांची एक जोरदार सर उघड्या जमिनीवर कोसळली म्हणजे पुरे. वरची माती निघून जाते, ओघळी पडतात, आणि मग खालच्या थरांतील हजारों वर्षें झांकून राहिलेली माती वाहूं लागते. जुन्या कर्बाचा अर्थ हाच. निसर्गानें सुरू केलेल्या या क्रियेंत पुढें माणसानें भर घातली. दायमाबाद, जोर्वे येथील प्राचीन शेतकऱ्यांची वस्ती गोदावरीच्याच खोऱ्यांतील. त्यानंतरच्या लोहयुगांत नागपूरजवळ नायकुंड येथें लोखंड गाळण्याची भट्टी होती, हें उत्खननानें सिद्ध झालें आहे. दख्खनच्या पठारावर शेती प्रथम रुजली व लोखंडाच्या काळांत दूरवर पसरली. त्याबरोबर धूप अधिकच वाढली, असा या संशोधकांचा निष्कर्ष आहे.

अलीकडच्या काळांत या हिशेबांत आणखी एक नोंद पडली आहे. गोदावरीबरोबर वाहणारा गाळ १९७० च्या दशकांत वर्षाला सुमारें १५ कोटी टन होता. १९९० च्या दशकांत तो ६ कोटी टनांच्या आंत आला. धरणांनीं तो अडविला, आणि मुखाजवळचा किनारा ठिकठिकाणीं झिजूं लागला. मात्र समुद्रांत गाळ कमी पडतो म्हणून वर माती सुरक्षित आहे, असें समजणें भ्रामक ठरेल. जी माती पूर्वीं समुद्रापर्यंत पोहोंचत असे, ती आतां जलाशयांच्या तळाशीं सांचते.

गडचिरोली जिल्ह्याचा दोनतृतीयांशांहून अधिक भाग आजहि वनाच्छादित आहे. त्या अरण्याची किंमत सागाच्या घनफुटांत, बांबूच्या मोळ्यांत व तेंदूच्या पुड्यांत मोजली जाते, आणि ती योग्यच आहे. परंतु समुद्रतळाच्या साक्षीनें तिच्यांत एक मोठी रक्कम मिळवावी लागते: ती म्हणजे जागेवर राहिलेल्या मातीची. पाऊस बेभरंवशाचा होईल त्या वर्षीं ही रक्कम सर्वांत अधिक मोलाची ठरते; कारण आकाश हातीं नसतें, पण जमिनीवरचें आवरण राखणें माणसाच्या हातीं असतें.