तू ये, मग ऑपरेशन करू

रियाधच्या आग्नेयेला अल सुलै म्हणजे गोदामं आणि ट्रेलरच ट्रेलर. इथल्याच एका गोदामात मी स्टोअरकीपर आहे. गुरुवारी पहाटे पाचला, म्हणजे चिपळूणच्या साडेसातला, भावाचा फोन आला. "आई बाथरूममध्ये घसरली. उजवा पाय हलवता येत नाही."

आईचं वय 78. घसरली ती मीच पैसे पाठवून बसवून घेतलेल्या गुळगुळीत टाइल्सवर. घरात एसी लावला, पण भिंतीला धरायला एक दांडा लावावा हे काही सुचलं नाही.

एक्स-रेत खुब्याचं हाड मोडलेलं दिसलं. डॉक्टर म्हणाले, उद्याच ऑपरेशन करू. घरच्यांचं मात्र एकच, "तू ये, मग करू." मावशी तर म्हणाली, "या वयात कशाला कापाकापी? वजन लावून ठेवा, जुळेल."

मला काका आठवले. त्यांचाही खुबाच मोडला होता. मुलगा कुवेतला, त्याला सुट्टी मिळून तो पोचेपर्यंत आठ दिवस गेले. तोवर काकांच्या छातीत कफ भरला होता. ऑपरेशन झालंच नाही. न्यूमोनियाने गेले, असं आम्ही अजून सांगतो.

खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण 20 ते 30 टक्के वर्षभरात जातात, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. नुसत्या मोडलेल्या हाडाने सहसा कुणी जात नाही. आधीचे आजार असतातच, त्यात पडून राहिल्याने न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरेतली गुठळी फुप्फुसात जाते, पाठीला जखमा होतात. म्हणून ब्रिटनमध्ये दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करा, आणि त्यानंतर लगेच दुसऱ्या दिवशी उभं करा, असं सांगतात. सहा तासांत ऑपरेशन करण्याचा एक प्रयोग 17 देशांत, सुमारे 3,000 रुग्णांवर झाला. त्याचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. एवढ्या घाईने मृत्यू काही कमी झाले नाहीत. म्हणजे साखर, बीपी बघायला डॉक्टरांनी काही तास घेतले तर घाबरायचं कारण नाही. पण मुलाच्या विमानासाठी आठ दिवस?

भावाला म्हटलं, "माझ्यासाठी थांबू नका. सही तू कर." तो चिडला. "आणि काही झालं तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मॅनेजर दम्मामला, शुक्रवार-शनिवार ऑफिस बंद. एक्झिट-रीएंट्री रविवारशिवाय मिळणार नव्हती. शुक्रवारी दुपारची नमाज सुटून रस्ता पुन्हा गजबजला, तेव्हा मेसेज आला, "झालं. चहा मागतेय."

सोमवारी मी पोचलो तेव्हा आई वॉकर धरून उभी होती आणि फिजिओथेरपिस्ट मुलीला झापत होती. डॉक्टरांनी हाडांच्या ठिसूळपणाचं औषधही सुरू केलं. दुसरं हाड मोडू नये म्हणून ते लागतं. पुष्कळ घरांत टाके निघाले की तेवढंच राहून जातं. दांडे मी स्वतः बसवले, दोन.

आता सात महिने झाले. काठी घेऊन अंगणापर्यंत जाते, पायरी उतरायला कुणीतरी लागतं. पूर्वीसारखी नाही. वर्ष पूर्ण व्हायला अजून पाच महिने आहेत. मी मोजतोय, हे तिला सांगितलेलं नाही.