पाण्याचं सोलर घेताय? आधी शिवणाची टेप काढा



डिसेंबर लागला की आपल्या निफाडकडच्या थंडीची बातमी पेपरात येते. पण ती थंडी खरी कळते पहाटे पाचला चुलाणापुढे बसलेल्या बाईला. द्राक्षाच्या बागेत कामाला जायचं असतं, त्याआधी घरातल्या सात-आठ जणांचं अंघोळीचं पाणी तापवायचं असतं. छाटणीच्या काड्या मोडायच्या, बंबात सारायच्या आणि धूर डोळ्यांत घ्यायचा. म्हणून बैठकीत कुणी पाण्याच्या सोलरचा विषय काढला की सगळ्या जणी पुढे सरकून बसतात. आज त्याच विषयावर बोलते. सोलर कसं निवडायचं आणि ते विकायला येणाऱ्याशी कसं बोलायचं, यातलं बरंचसं मी फसून शिकले आहे. त्यामुळे आधी ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी एका डीलरला मीच गटाच्या बैठकीत बोलावलं होतं. माणूस बोलायला गोड. येताना पेढे घेऊन आला. "ताई, बायकांसाठी खास भाव, शंभर लिटरचं सोलर अठरा हजारात, दहा नळ्या, बसवल्यावर स्वतः मोजून घ्या." नऊ जणींनी गटातून कर्ज उचललं. सोलर बसलं. सगळ्यांनी नळ्या मोजल्या, बरोबर दहा भरल्या. उन्हाळ्यात पाणी चांगलं तापलं आणि सगळ्या खूश झाल्या. थंडी आली तसं पाणी कोमट यायला लागलं. फोन केला तर म्हणाला, "थंडी आहे ताई, सूर्याला आपण काय सांगणार?"

आमच्या गटातली एक जण ब्लाऊज शिवते. ती एक दिवस गच्चीवर गेली आणि गळ्यातली टेप काढून तिने नळीला गुंडाळली. घेर भरला १५ सेंटिमीटर. माझ्याकडच्या कोटेशनवर नळीची जाडी ५८ मिलिमीटर लिहिली होती. ५८ मिलिमीटरच्या नळीचा घेर १८ सेंटिमीटरच्या थोडा वर भरायला हवा. १५ म्हणजे ती ४७ ची नळी. ती लांबीलाही कमी असते, दीड मीटर. ५८ ची असते एक मीटर ८०. शंभर लिटरला जाड नळ्या १० लागतात, बारीक असतील तर साधारण १५. आम्हाला बारीक नळ्या दिल्या आणि त्याही दहाच. म्हणजे शंभर लिटर पाणी तापवायला जेवढं ऊन धरायला हवं, त्यातलं दोन तृतीयांशच आमच्या सोलरवर पडत होतं.

बरं, नंतर नळ्या बदलून घेऊ म्हटलं तर तेही होत नाही. टाकीची भोकं ४७ ची असली की त्यात ५८ ची नळी बसत नाही, सगळा सेटच बदलावा लागतो. तो फक्त तिघींना बदलून मिळाला, कारण त्यांच्या कोटेशनवर ५८ हा आकडा आणि डीलरची सही होती. बाकी सहा जणींना त्याने तोंडी सांगितलं होतं आणि पावती म्हणून वहीचं फाडलेलं पान दिलं होतं. त्या सहा जणी दर महिन्याला हप्ता भरत राहिल्या आणि थंडीत वरून काड्याही जाळत राहिल्या.

आता जे सांगायला जड जातं ते सांगते. त्या डीलरने मला दर सोलरमागे पाचशे रुपये दिले होते, "ताई, तुमच्या गाडीच्या पेट्रोलला" म्हणून. साडेचार हजार झाले. मी ते घेतले. फिरणं तर माझंच होतं, असं मनाला समजावलं. पण पाणी कोमट येतंय अशी पहिली तक्रार आली तेव्हा त्या बाईला मीच म्हणाले, "मावशी, थोडे दिवस बघा ना." मी त्याच्या बाजूने बोलले. पैशाने माझी जीभ बांधली होती, हे मला टेप बघितल्यावर कळलं. पुढच्या बैठकीत मी ते पैसे गटात जमा केले आणि तशी नोंद इतिवृत्तात करायला लावली. त्या दिवशी कुणी मला काही बोललं नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून आमच्याकडे ठराव आहे की विक्रेता जे कमिशन देणार असेल ते किमतीतून वजा करायला सांगायचं. मला, अध्यक्षाला, सचिवाला, कुणालाच वेगळं काही नाही. तुमच्या गटात कुणी वस्तू विकायला आलं तर समन्वयक ताईला सगळ्यांसमोर विचारा, "ताई, यात तुम्हाला काय मिळतं?" राग येईल तिला. येऊ द्या.

आता निवडायचं कसं ते बघू. सोलर दोन प्रकारचं मिळतं. एक काचेच्या नळ्यांचं. त्यात काचेत काच असते आणि मधली हवा काढून टाकलेली असते, थर्मासमध्ये असते तशी. दुसरं सपाट पेटीचं, त्याला फ्लॅट प्लेट म्हणतात. त्यात तांब्याच्या बारीक नळ्या आणि वर जाड काच असते. सपाट पेटी टिकाऊ आणि महाग. पण बोअरचं पाणी जड असेल तर तिच्या बारीक नळ्यांत क्षार धरतो आणि काही वर्षांत पाणी फिरायचं थांबतं. आपल्याकडे निम्म्या घरांत बोअरचं पाणी. अशा ठिकाणी काचेच्या नळ्यांचं बरं. त्यात क्षार खाली साठतो आणि वर्षातून एकदा नळ्या काढून साफ करता येतात. तुमचं पाणी जड आहे की नाही हे डीलरला विचारू नका. जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासायचं किट चालवायचं शिक्षण गावोगाव पाच-पाच बायकांना दिलेलं आहे. ग्रामपंचायतीत विचारा, तुमच्या गटातलीच कुणीतरी निघेल.

काचेच्या नळ्यांची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. गारपिटीत किंवा माकडाच्या उडीने एक नळी फुटली तरी टाकीतलं सगळं पाणी वाहून जातं. म्हणून घेतानाच विचारायचं की एक सुटी नळी केवढ्याला आणि ती तालुक्याच्या गावात मिळते का. नळीच्या बंद टोकाला आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो पांढरट झाला असेल तर आतली पोकळी गेली, ती नळी आता तापवत नाही. हे विकत घेतानाही बघता येतं आणि दोन वर्षांनीही.

टाकी आतून कोणत्या स्टीलची आहे ते विचारा. डीलर खिशातून लोहचुंबक काढून टाकीला लावतो आणि म्हणतो, "बघा, चिकटत नाही, ३०४ नंबरचं आहे." मैत्रिणींनो, त्यावर जाऊ नका. २०२ नंबरच्या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही. चुंबकाने काही सिद्ध होत नाही, नंबर बिलावर लिहून घ्यायचा. जड पाण्याला आतून काचेसारखा लेप दिलेल्या टाक्याही मिळतात. आणि वॉरंटी कार्डावरची बारीक अक्षरं घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. जड पाण्याने टाकी गेली तर वॉरंटी नाही, असं पुष्कळदा तिथेच लिहिलेलं असतं.

किती लिटरचं घ्यावं? हिशोब सोपा आहे. सोलरचं पाणी ६० अंश आणि नळाचं २० अंश धरलं तर निम्मंनिम्म मिसळून अंघोळीजोगं होतं. म्हणजे वीस लिटरच्या बादलीला दहा लिटर गरम. कागदावर शंभर लिटरात दहा अंघोळी. प्रत्यक्षात रात्रीत पाणी थोडं निवतं, नळातलं सुरुवातीचं थंड पाणी वाया जातं आणि जेवढं गरम काढावं तेवढं थंड आत शिरतं. सहा-सात अंघोळी धरा. आठ माणसांच्या घरात शंभर लिटरचं घेतलं तर शेवटी अंघोळ करणारीला कोमटच मिळणार, आणि ती कोण असते ते मी सांगायला नको.

घरही बघायला हवं. पत्र्याच्या छपरावर भरलेली टाकी ठेवू नका, शंभर लिटर म्हणजे शंभर किलो नुसतं पाणीच झालं. अंगणात, सावली नसलेल्या जागी लोखंडी स्टँडवर बसवता येतं. तोंड दक्षिणेला हवं, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच हवी, नाहीतर पाणी चढतच नाही. त्या स्टँडचा आणि पाइपचा खर्च कोटेशनमध्ये धरलाय का ते विचारा. तो बहुतेक वेळा धरलेला नसतो, आणि अठरा हजाराचे चोवीस तिथेच होतात.

अजून एक फसवणूक सध्या चालली आहे. "पंतप्रधान सूर्यघर योजनेतून सबसिडी मिळवून देतो" असं म्हणून कागदपत्रं आणि वर पैसे मागतात. ती योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, पण ती छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे. पाणी तापवायच्या सोलरला ती लागू नाही. पाण्याच्या सोलरवर केंद्र सरकार पूर्वी अनुदान देत होतं, ते २०१४ मध्येच बंद झालं. कुणी गळ्यात ओळखपत्र घालून आला तरी आधारची झेरॉक्स आणि बँकेचं पासबुक त्याच्या हातात देऊ नका.

पैसे देताना आम्ही आता असं करतो. तीन दुकानांची कोटेशनं, तीही कागदावर. त्यात नळीची जाडी, लांबी, संख्या, टाकीचं स्टील, स्टँड, पाइप, बसवणूक आणि वॉरंटीची वर्षं, सगळं लिहिलेलं. "आज संध्याकाळपर्यंतच हा भाव" असं जो म्हणेल त्याला संध्याकाळनंतर या म्हणायचं. आगाऊ रक्कम थोडी, बाकीची सोलर बसवून एक दिवस तापवून बघितल्यावर. कडक उन्हाच्या दिवशी दिवसभर पाणी काढायचं नाही. संध्याकाळी पाइपातलं थंड पाणी सोडून द्यायचं आणि बादली भरायची. हात घालवत नसेल इतकं कढत हवं. दवाखान्यातला ताप मोजायचा थर्मामीटर त्यात बुडवू नका, तो फुटेल. आमच्या एका वहिनीने बुडवला होता.

बिल जीएसटी नंबरचं पक्कं घ्या आणि कर्जाच्या कागदांबरोबर गटाच्या फाइलला एक प्रत लावा. तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आमच्या तिघींना सेट बदलून मिळाला तो १९१५ ला फोन केल्यावरच.

आणि ज्यांच्याकडे सोलर आहे त्यांच्यासाठी एक. गावात पाणी दोन-तीन दिवसांआड येतं. टाकी रिकामी पडली की नळ्या उन्हात प्रचंड तापतात. तशात दुपारी पाणी सोडलं तर काच तडकते. पाणी नसेल त्या दिवशी नळ्यांवर जुनी गोधडी टाकून ठेवा आणि भरायचं ते पहाटे किंवा रात्री. पावसाळ्यात आभाळ राहतं तेव्हा सोलर तापणार नाही, त्यामुळे तांब्याचा बंब इतक्यात मोडीत घालू नका.

कुणाकडे कोटेशन आलेलं असेल तर पैसे देण्याआधी या महिन्याच्या बैठकीला घेऊन या. ब्लाऊजवाली ताई टेप घेऊन येणार आहे.