पुस्तक हातात आहे तोवर

एम.एड.च्या लघुप्रबंधातलं ‘संबंधित साहित्याचा आढावा’ हे प्रकरण बरेच जण शेवटी लिहायला घेतात, आणि संदर्भसूची तर बाइंडिंगच्या आदल्या रात्री. मग वहीत एखादं झकास अवतरण सापडतं आणि त्याखाली नुसतं ‘नाईक’ असं लिहिलेलं असतं. कोणते नाईक? पान कितवं? माझ्यावर ही वेळ आली होती. दोन दिवस कपाटं उपसली आणि शेवटी ते अवतरण गाळलं. पुस्तक हातात होतं तेव्हा अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

सुरुवात विषयापासून करू. समजा, आपला विषय आहे ‘इयत्ता पाचवीच्या विद्यार्थ्यांच्या अपूर्णांकांच्या उदाहरणांतील चुकांचा अभ्यास’. हे अख्खं वाक्य संगणकाला विचारलं तर बहुधा काहीच हाती लागत नाही. ते फोडावं लागतं. कागदावर तीन रकाने पाडा: कोण, काय आणि त्याचं काय. पहिल्यात पाचवी आणि प्राथमिक, दुसऱ्यात अपूर्णांक, तिसऱ्यात चुका, गैरसमज, निदान. प्रत्येक शब्दासमोर त्याचा इंग्रजी शब्दही लिहून ठेवा, कारण पुढचा बराचसा शोध इंग्रजीतूनच होणार आहे.

हा कागद घेऊन आधी ग्रंथालयात जा. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरचा आकडा म्हणजे त्याचा पत्ता. ड्युई दशांश पद्धतीत शिक्षणशास्त्र ३७० पासून सुरू होतं. प्राथमिक शिक्षण ३७२ ला आणि त्यातलं गणित ३७२.७ ला. शैक्षणिक मानसशास्त्र ३७०.१५ ला मिळेल, पण बालमानसशास्त्र मात्र पार दुसऱ्या कपाटात, १५५.४ ला. इथेच अनेकांची गफलत होते. ३७० चं कपाट चाळून ‘आपल्याकडे काही नाहीच’ म्हणत ते परततात. काही ग्रंथालयांत रंगनाथनांची कोलन पद्धत आहे. तिथे शिक्षणाला इंग्रजी ‘टी’ हे अक्षर आहे. आकडे समजले नाहीत तर ग्रंथपालांना विचारा आणि तो तीन रकान्यांचा कागद त्यांच्यापुढे ठेवा. ‘गणितावर काहीतरी द्या’ म्हटलं तर उत्तरही तेवढंच मोघम मिळतं.

मग शोधगंगा. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध इथे सर्वांना मोफत वाचायला ठेवतं. इथे एक बारीक खड्डा आहे. प्रबंध एका फाइलमध्ये नसतो. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका आणि प्रत्येक प्रकरण यांच्या वेगवेगळ्या फाइली असतात. आपण घाईत फक्त दुसरं प्रकरण उतरवून घेतो, आणि संशोधकाचं नाव, विद्यापीठ, वर्ष मागेच राहतं. मुखपृष्ठाची फाइल आधी उतरवा. दुसरं असं की मराठी प्रबंधाचं शीर्षक तिथे कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत, तर कधी इंग्रजी भाषांतर करून नोंदवलेलं असतं. म्हणून एकाच विषयाचा शोध तिन्ही तऱ्हांनी घ्यायचा.

परदेशातल्या संशोधनासाठी ‘एरिक’ बघा. अमेरिकेच्या शिक्षण खात्याची ही फक्त शिक्षणविषयक लेखनाची सूची आहे, आणि तीही मोफत. तिचा स्वतःचा ठरावीक शब्दसंग्रह आहे. आपण ‘मिस्टेक्स’ टाकतो, पण तिथला शब्द असतो ‘एरर पॅटर्न्स’. एक चांगला लेख सापडला की त्याच्याखाली दिलेले विषयशब्द आपल्या तिसऱ्या रकान्यात उतरवून घ्या, पुढचा शोध त्यांनीच करा. दोन शब्द जोडून हवे असतील तर मध्ये ‘अँड’, दोनपैकी कोणताही चालणार असेल तर ‘ऑर’, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. दोन शब्द एकत्र, त्याच क्रमाने हवे असतील तर दुहेरी अवतरणचिन्हांत टाका.

आता नोंद. हाच टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि सर्वांत जास्त हेळसांडही याचीच होते. मराठी पुस्तकाचं शीर्षकपान उलटलं की मागे प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठकार अशी नावांची रांग असते. आपल्याला प्रकाशक हवा. मुद्रकाचा पत्ता प्रकाशकाचा म्हणून उतरवलेला मी कितीदा पाहिलाय. वर्ष आपल्या हातातल्या आवृत्तीचं लिहा. नुसतं पुनर्मुद्रण असेल तर मूळ आवृत्तीचं. जुन्या पुस्तकावर शके असेल तर साधारण ७८ मिळवा: शके १८९७ म्हणजे इ.स. १९७५. आणि शब्द जसेच्या तसे उतरवले असतील तर तिथल्या तिथे अवतरणचिन्हं आणि पान क्रमांक. चिन्हं राहिली की महिन्याभराने ती वाक्यं आपल्याला आपलीच वाटू लागतात, आणि पुढे साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती लाल होऊन येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि रीतसर संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं त्या मोजणीत धरतच नाहीत.

न वाचलेलं पुस्तक वाचल्यासारखं दाखवू नका. कोठारी आयोगाचं उदाहरण घ्या. आयोग नेमला १९६४ मध्ये, अहवाल आला १९६६ मध्ये. एका गाइडमध्ये ‘कोठारी आयोग (१९६४)’ असं छापलं गेलं की ते वर्ष पुढे लघुप्रबंधामागून लघुप्रबंधात उतरत जातं, कारण मूळ अहवाल कोणी उघडलेलाच नसतो. मूळ मिळालंच नाही तर ‘अमुक लेखकाने उद्धृत केल्याप्रमाणे’ असं सरळ लिहा आणि सूचीत आपण प्रत्यक्ष वाचलेलं पुस्तकच द्या. त्यात कमीपणा काही नाही.

नोंदी पन्नासच्या पुढे गेल्या की वही पुरत नाही. मग झोटेरो वापरा. हा संदर्भ सांभाळणारा मोफत प्रोग्रॅम आहे. लेखाचा डीओआय, म्हणजे लेखाला कायमचा चिकटलेला क्रमांक, किंवा पुस्तकाचा आयएसबीएन दिला की बाकीची माहिती तो स्वतः भरतो. मराठी पुस्तकांच्या बाबतीत मात्र त्याच्यावर विसंबू नका. अनेकदा माहिती हातानेच भरावी लागते, आणि आपोआप आलेलीही पुस्तक समोर ठेवून ताडून बघावी लागते.

झोटेरोत हमखास होणारी एक चूक सांगते. लेखकासाठी तिथे आडनाव आणि नाव असे दोन खण असतात. शासन निर्णय नोंदवताना ‘महाराष्ट्र शासन’ या दोन खणांत विभागलं की सूचीत छापून येतं ‘शासन, महाराष्ट्र’. खणांशेजारच्या बटणाने दोन्हींचा एक खण करता येतो. संस्था, आयोग, मंडळ यांच्यासाठी तोच वापरा. शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीखही लगेच भरा.

टायपिंग बाहेरून करून घेणार असाल तर आधीच सांगा: युनिकोडमध्येच हवं. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या प्रकरणाची आणि झोटेरोतल्या युनिकोड नोंदींची सांगड बसत नाही. झोटेरोत संदर्भ लिहिण्याची एपीए पद्धत निवडली तर मराठी नोंदींतही ‘आणि इतर’ऐवजी इंग्रजी ‘एट अल’ येऊन बसतं. ते शेवटी हाताने बदला, पण फाइलची प्रत काढून त्या प्रतीत. मूळ फाइलीत बदललंत तर झोटेरो पुढच्या वेळी ते पुन्हा पूर्ववत करतो.

छापायच्या आधी एक दुपार राखून ठेवा. मजकुरातला प्रत्येक कंस पेन्सिलीने खूण करत सूचीशी जुळवा, मग सूचीतली प्रत्येक नोंद मजकुरात शोधा. सूचीत चाळीस आणि मजकुरात तेहेतीसच निघाले तर उरलेले सात काढून टाका. सूची लांबलचक दिसावी म्हणून ते ठेवलेत, तर व्हायवाला नेमकं त्यातल्याच एखाद्या पुस्तकाबद्दल विचारतात.