मूल वाचतं, मोबाइल ऐकतो

परतूरमध्ये काही मुलं शाळेत मराठी वाचतात आणि मकतबात, म्हणजे धार्मिक शाळेत, अरबी. एखादं बोलकं, चलाख मूल दोन्हीकडे अक्षरांपाशीच अडत असेल, तर आपण त्याला आळशी म्हणू नये. तो डिस्लेक्सिया असू शकतो, म्हणजे अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी मनात सहज न जुळणं.

अशा मुलाचं वाचन रोज कुणीतरी ऐकावं लागतं. यातलं थोडं काम मोबाइल करू शकतो. गूगलचं ‘रीड अलाँग’ हे मोफत अ‍ॅप २०१९ साली भारतात ‘बोलो’ नावाने आलं. २०२० पासून त्यात मराठीही आहे.

आधी गोष्ट उतरवून घ्या, म्हणजे नेट गेलं तरी चालतं. मूल मोठ्याने वाचू लागलं की माइक आवाज टिपतो.

असे प्रोग्राम आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढे बारीक तुकडे करतात आणि कोणता तुकडा ‘क’चा, कोणता ‘आ’चा, याचा अंदाज बांधतात. वाक्य आधीच ठाऊक असल्याने ‘हाच शब्द म्हटला का?’ एवढंच तपासायचं असतं. अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की पडद्यावरची ‘दिया’ तो म्हणून दाखवते.

घोटाळे इथेच होतात. जवळपासचा उच्चारही बरोबर धरला जाऊ शकतो. चित्र बघून ‘झाड’ म्हणणारं मूल वाचतंय असं वाटतं. म्हणून चित्र झाकून एकदा विचारा. उलट, घरी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारं मूल तसंच वाचेल. ती बोली आहे, वाचनाची चूक नव्हे. यंत्राने अडवलं तरी आपण रागावू नये. मूल शब्दाच्या मध्येच थांबलं, तर यंत्राला शब्द संपला असं वाटू शकतं. लहानांच्या बारीक आवाजात यंत्रं मोठ्यांपेक्षा जास्त चुकतात, त्यात पंखा आणि टीव्हीची भर नको.

अरबीत अडचण वेगळी. बे, ते, से या अक्षरांचा आकार एकच, फरक फक्त नुक्त्यांचा, म्हणजे ठिपक्यांचा. जबर, जेर, पेश या ऱ्हस्व स्वरांच्या खुणा कायद्यात, म्हणजे पहिल्या पुस्तकात, असतात. वर्तमानपत्रात सहसा नसतात. शिवाय सीन आणि स्वाद आपल्या तोंडी दोन्ही ‘स’च होतात. अरबांच्या उच्चारांवर घडलेलं यंत्र तिथे चूक दाखवेल, पण तो डिस्लेक्सिया नव्हे. हा फरक मकतबात शिकवणारे मौलानाच ओळखतील.

निदान मात्र अ‍ॅप करत नाही. पहिली ते पाचवीच्या मुलांच्या प्राथमिक पडताळणीसाठी ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे. तिच्याबद्दल शाळेत विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अडचण नोंदलेली आहे. तेव्हा संकोच न करता, मूल लहान असतानाच तपासणी करून घ्या.